काळ्या मातीत मेटल डिटेक्टर: कॉइल केवढी, फ्रिक्वेन्सी कोणती आणि खोली खरी किती

"हाई यंत्र कितलं खोल दखस, भाऊ?" डिटेक्टर घेऊन शेतात उतरलं की बांधावरून पहिला प्रश्न हाच येतो. नवीन यंत्र घेणाराही दुकानदाराला हेच विचारतो. प्रश्न रास्त आहे, पण एका आकड्यात उत्तर देता येत नाही. कोणती वस्तू, कोणती माती, केवढी कॉइल आणि कोणती फ्रिक्वेन्सी हे ठरल्याशिवाय सांगितलेला खोलीचा आकडा ही फक्त जाहिरात असते.

मी जळगाव-धुळे पट्ट्यात शेतात हरवलेले दागिने, रोटाव्हेटरच्या पात्यांना धोका असलेले लोखंडाचे तुकडे आणि मातीखाली गेलेले पाइपलाइनचे व्हॉल्व्ह शोधतो. हा लेख त्याच कामासाठी आहे. "मोठी कॉइल म्हणजे जास्त खोल, कमी फ्रिक्वेन्सी म्हणजे जास्त खोल" एवढ्या दोन वाक्यांवर नवीन माणूस वीस-पंचवीस हजार घालवतो आणि मग कपाशीच्या तासात कानातलं सापडत नाही. दोन्ही वाक्यं अर्धीच खरी आहेत. आपल्या काळ्या जमिनीत तर अर्ध्याहूनही कमी.

काम कसं चालतं ते आधी थोडक्यात. कॉइलच्या तबकडीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत पाठवतं. ते सेकंदाला किती वेळा बदलतं ती फ्रिक्वेन्सी; सेकंदाला हजार वेळा म्हणजे एक किलोहर्ट्झ. त्यामुळे धातूमध्ये भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं छोटं क्षेत्र तयार होतं आणि दुसरं वेटोळं ते ऐकतं. म्हणजे सिग्नल जाताना कमी होतो आणि येतानाही कमी होतो. कॉइलपासून बरंच दूर गेल्यावर जाणारं क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं, परतणारंही घनाने घटतं, म्हणजे एकूण सहाव्या घाताने. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टावा भाग उरतो. उलट बाजूने पाहिलं तर यंत्राची ताकद दुप्पट केली तरी खोली जेमतेम १२ टक्क्यांनी वाढते. "जास्त पॉवरचं मॉडेल" म्हणून कोणी दुप्पट पैसे मागितले तर हा आकडा आठवा.

१. आधी वस्तू ठरवा

यंत्राची जाहिरात नाण्यावर केलेली असते आणि आपल्याकडे हरवतं ते मंगळसूत्र, चमकी, जोडवी, चेन. या वस्तू डिटेक्टरला अगदी वेगवेगळ्या दिसतात.

बंद अंगठी सगळ्यात सोपी, कारण तिच्या पूर्ण वळ्यातून प्रवाह फिरतो. जोडवं चांदीचं असलं तरी त्याचं तोंड उघडं असतं. त्यातून पूर्ण फेरा होत नाही, त्यामुळे त्याच वजनाच्या अंगठीपेक्षा ते मंद वाजतं. चेन सगळ्यात अवघड. दोन तोळ्यांची चेन म्हणजे दोन तोळे सोन्याचा आवाज येईल असं वाटतं, पण कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात. यंत्र एकेक बारीक कडी ऐकतं, फार तर फासा ऐकतं. मंगळसूत्रात काळे मणी मुकेच राहतात, वाजतात त्या वाट्या. म्हणून घरच्यांना विचारताना "किती तोळ्यांचं होतं?" यावर थांबू नका. "वाट्या केवढ्या होत्या, पोकळ की भरीव, तार तुटली होती का?" हेही विचारा.

लोखंडाचा फाळ, नट-बोल्ट, व्हॉल्व्ह या वस्तू मोठ्या असतात. त्यांचं गणित निराळं आहे, ते पुढे येईल.

२. कॉइलचा आकार

कॉइल मोठी केली की क्षेत्र खोल पोचतं हे खरं. पण तेच क्षेत्र जास्त जागेत पसरतं, त्यामुळे कॉइलच्या लगत ते पातळ होतं. विद्युतप्रवाह आणि वेढे तेच ठेवून मध्यरेषेवरचा हिशेब केला तर असं दिसतं: ५ सेंटिमीटर खोलीवरच्या बारीक वस्तूचा सिग्नल १५ सेंटिमीटर व्यासाच्या कॉइलला २८ सेंटिमीटरच्या कॉइलपेक्षा दीडपटीहून जास्त मिळतो. तीच वस्तू २० सेंटिमीटरवर गेली की पारडं फिरतं आणि मोठ्या कॉइलला पाचपटीहून जास्त सिग्नल मिळतो. याच हिशेबातून एक उपयोगी प्रमाण निघतं. ज्या खोलीवर शोधायचं त्याच्या साधारण पावणेतीन पट व्यासाची कॉइल त्या खोलीसाठी सगळ्यात जोरकस. १० सेंटिमीटरसाठी ११ इंची, ५ सेंटिमीटरसाठी साडेपाच-सहा इंची.

हा हिशेब हवेतला आहे. जमिनीत एक गोष्ट वाढते: मोठी कॉइल एका वेळी कितीतरी जास्त माती पाहते आणि मातीचाही आवाज येतो. काळ्या मातीत हा आवाज एवढा असतो की १५ इंची कॉइलची सेन्सिटिव्हिटी (मंद सिग्नल पकडायची तीव्रता) निम्म्यावर आणावी लागते आणि तिची सगळी कमाई तिथेच जाते. शिवाय दोन वस्तू शेजारी असल्या, समजा कुंपणाच्या तारेचा तुकडा आणि कानातलं, तर मोठ्या कॉइलखाली दोन्ही एकदम येतात आणि लोखंड सोन्याला गिळतं. छोटी कॉइल त्यांना वेगळं ऐकते.

वस्तूच्या अंदाजे खोलीसाठी शेतातलं अवजार पाहा. नुसतं वखर फिरलं असेल तर दागिना वरच्या पाच-आठ सेंटिमीटरमध्ये असतो. रोटाव्हेटर फिरला असेल तर दहा-पंधरापर्यंत. नांगरट झाली असेल तर वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत, आणि तिथे बारीक दागिन्याची आशा फार थोडी.

माझी शिफारस:

- कपाशीच्या वेचणीत, केळीच्या बागेत, खळ्यावर, अंगणात: ६ ते ९ इंची कॉइल. पऱ्हाटीच्या तासात मोठी तबकडी शिरतही नाही.
- मोकळ्या, वखरलेल्या शेतात: ९ ते ११ इंची. एकच कॉइल घ्यायची असेल तर हीच.
- व्हॉल्व्ह, बोअरचा केसिंग पाइप, नांगराचा फाळ अशा मोठ्या वस्तूंसाठी: १३ ते १५ इंची. याहून खोल, मोठं लोखंड असेल तर मीटरभर चौकटीची पल्स पद्धतीची यंत्रं असतात. मात्र त्या चौकटीला अंगठी वरच पडलेली असली तरी ऐकू येत नाही.

आकाराइतकाच महत्त्वाचा प्रश्न आतली वेटोळी कशी बसवली आहेत हा. एकात एक गोल बसवलेल्या कॉन्सेंट्रिक कॉइलचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं. ती वस्तूची जागा नेमकी दाखवते, पण खनिजयुक्त मातीत गोंधळते. दोन डी पाठीला पाठ लावून बसवलेली डबल डी कॉइल उभ्या पात्यासारखी जमीन कापत जाते, माती कमी ऐकते आणि एका झाडणीत जास्त पट्टा व्यापते. खान्देशात डबल डीच घ्या. इथे दुसऱ्या मताला मी फारशी जागा ठेवत नाही.

३. फ्रिक्वेन्सी

"जास्त फ्रिक्वेन्सी माती शोषून घेते, म्हणून ती खोल जात नाही" असं सर्रास सांगितलं जातं. हिशेब करून पाहा. ओल्या, चिकण काळ्या मातीतसुद्धा २० किलोहर्ट्झचं क्षेत्र शोषणामुळे एक-तृतीयांशाच्या आसपास यायला दहा मीटरच्या घरात अंतर लागतं. आपण वीतभर खोलीची गोष्ट करतोय. तेवढ्यात शोषण नगण्य असतं. खोली अडते ती वर सांगितलेल्या सहाव्या घातामुळे आणि मातीच्या आवाजामुळे.

मग फ्रिक्वेन्सीने फरक का पडतो? प्रत्येक वस्तूत भोवरा प्रवाह उठायला आणि विरायला ठरावीक वेळ लागतो. जाड, मोठ्या, चांगल्या वाहक वस्तूत, म्हणजे चांदीचा रुपया किंवा तांब्याचं भांडं यात, तो सावकाश विरतो. तिला ३ ते ८ किलोहर्ट्झ पुरतात. बारीक, पातळ वस्तूत, म्हणजे चमकी, चेनची कडी, पोकळ वाटी यात, प्रवाह उठतो न उठतो तोच विरतो. तिथे कमी फ्रिक्वेन्सी लावली तर सिग्नल जवळजवळ मिळतच नाही. १५ ते ४० किलोहर्ट्झवर तीच चमकी स्पष्ट वाजते. आपल्या बायकांच्या अंगावरचं सोनं बहुतेक २२ कॅरेटचं असतं. शुद्ध सोनं चांदी-तांब्याखालोखाल चांगलं वाहक, पण त्यात तांबं-चांदी मिसळली की त्याची वाहकता बरीच घसरते. म्हणून "सोनं उत्तम वाहक, कमी फ्रिक्वेन्सी लावा" हा सल्ला दागिन्यांना लागू पडत नाही.

जास्त फ्रिक्वेन्सीची किंमतही मोजावी लागते. ओल्या आणि खारवट मातीचा आवाज वाढतो, गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी पट्टी, फवारणीच्या पुड्या असा सगळा बारीक कचरा वाजू लागतो, आणि चांदी-तांब्यातला फरक पुसट होतो.

ओळखीच्या यंत्रांचं उदाहरण घ्या. गॅरेट एस २५० हे ६.५ किलोहर्ट्झवर चालतं आणि त्याची मूळ कॉइल ६.५ बाय ९ इंची कॉन्सेंट्रिक आहे. नाणी, जोडव्यांसाठी ठीक, चमकीसाठी कमजोर. नोक्टा सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचं, ११ इंची डबल डीचं, म्हणजे मधला मार्ग. माइनलॅब इक्विनॉक्स ८०० एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतं आणि हवं तर ५, १०, १५, २०, ४० यातली एकच निवडता येते. अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरणारं यंत्र त्यांच्या उत्तरांची तुलना करून मातीचा आवाज वजा करतं, म्हणून आपल्याकडे त्याचा खरा उपयोग होतो. फिशर गोल्ड बग २ हे ७१ किलोहर्ट्झचं यंत्र कच्च्या सोन्याच्या कणांसाठी बनवलेलं आहे. शेतातल्या कामाला ते घेऊ नका.

४. आपली माती ओळखा

खान्देशची काळी जमीन बसाल्ट झिजून झालेली. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं आणि ते मातीत उतरतं. साधी परीक्षा आहे: लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, कोरड्या मातीतून ओढा आणि पिशवी उलटी करून झटका. काळ्या केसांसारखी बारीक भुकटी कागदावर पडते. भुकटी जितकी जास्त, तितकी तुमच्या यंत्राची खोली कमी. साक्री, धुळ्याकडच्या मुरमाड बरडात बसाल्टचे गोटेही वाजतात. तापीकाठी रावेर, यावल, चोपडा, शहाद्याकडे गाळाचा जाड थर आहे, तिथे गोटे कमी भेटतात. पण नदीपात्रात वाळूवर काळ्या रेतीच्या रेघा दिसल्या की त्या मॅग्नेटाइटच्याच असतात, तिथे यंत्र ओरडणारच.

म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा आवाज गप्प करणारं सेटिंग. ही सोय नसलेलं किंवा कारखान्यातच कायमची बसवलेली असलेलं यंत्र काळ्या जमिनीसाठी घेऊ नका. पद्धत सोपी आहे. धातू नसलेली हातभर जागा शोधा, कॉइल जमिनीपासून वीतभर वर आणि दोन बोटांवर अशी खाली-वर पंप करा आणि आवाज सपाट होईपर्यंत सेटिंग जुळवा. केळीच्या बागेत ठिबकखालचा ओला पट्टा आणि मधला कोरडा पट्टा यांचा बॅलन्स वेगळा येतो, तिथे पट्टा बदलला की पुन्हा जुळवा. पऱ्हाटी जाळलेल्या जागी मातीतलं लोह तापून आणखी चुंबकीय झालेलं असतं. जुन्या वीटभट्टीच्या जागेचंही तसंच. अशा गोल डागांवर खोट्या आवाजांनी दमू नका, तिथे छोटी कॉइल लावून सावकाश चाला.

बॅलन्स झाल्यावरही यंत्र कुरकुरत असेल तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा. नवीन माणूस ती शेवटच्या टोकाला ठेवतो. गोंगाटात खोलवरचा मंद सिग्नल बुडतो. दोन पायऱ्या खाली आणल्या की तोच ऐकू येतो.

मे महिन्यातल्या भेगांचं मात्र यंत्राकडे उत्तर नाही. भारी काळीला हातभर खोल भेगा पडतात. त्यात मणी गेला आणि पावसाने भेग मिटली की तो आपल्या आवाक्याबाहेर जातो. उन्हाळ्यात दागिना हरवला तर पहिल्या पावसाआधी शोध घ्या. एरवी वाफसा असताना जा. खणणं सोपं पडतं आणि ढेकळं नीट फोडता येतात.

५. स्वतःच्या शेतात चाचणी घ्या

हवेत अंगठी धरून कॉइल किती लांबून वाजते हे पाहून काही कळत नाही. नाणं पुरून केलेली चाचणीही अर्धवट, कारण खणलेली माती सुटी होते आणि यंत्राला वेगळी दिसते.

त्याऐवजी एक इंची पीव्हीसी पाइपचा तीन फुटी तुकडा घ्या. पहारीने जमिनीत तिरपं भोक पाडा, साधारण तीस अंशांचं, आणि पाइप त्यात सरकवा. वरची माती हलली नाही पाहिजे. आता बांबूच्या कामटीच्या टोकाला कानातलं किंवा अंगठी दोऱ्याने घट्ट बांधा आणि कामटी पाइपात हळूहळू ढकला. कामटीवर दर दहा सेंटिमीटरला खूण केलेली असली की तीस अंशांच्या उतारावर प्रत्येक खूण म्हणजे पाच सेंटिमीटर खोली. वरून कॉइल फिरवत राहा आणि आवाज कुठे पुसट होतो ते वहीत लिहा. कॉइल बदला, फ्रिक्वेन्सी बदला, सेन्सिटिव्हिटी बदला, पुन्हा लिहा. एका दुपारच्या या कामातून जे कळतं ते कोणत्याही माहितीपत्रकात नाही.

चाचणीला १ किंवा २ रुपयांचं नाणं वापरू नका. सध्याची ही नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत, यंत्राला ती लोखंडासारखी वाटतात. ५ रुपयांचं पितळी नाणं चालेल, पण खरी अंगठी केव्हाही चांगली.

भारी काळीत २२ कॅरेटची अंगठी चार बोटांपासून वीतभरापर्यंत मिळाली तर यंत्र उत्तम चाललं समजा. चमकी दोन-तीन बोटांवर वाजली तरी पुष्कळ.

६. प्रत्यक्ष शोध

लागणारं साहित्य: डिटेक्टर, हेडफोन, चार खुंट्या आणि सुतळी, खुरपं, घमेलं, खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हाताचा छोटा पिनपॉइंटर, जास्तीच्या बॅटऱ्या किंवा पॉवर बँक, पाणी.

वीज आधी पाहा. डीपी, उच्चदाबाची लाइन आणि चालू मोटर यांच्याजवळ यंत्र बडबडतं. रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन चालू असेल तर साधारण सेकंदाला एक टिकटिक ऐकू येते. शेतमालकाला ते बंद करायला सांगा. शेतीची लाइन ज्या वेळात जाते तो वेळ शोधासाठी सोन्यासारखा.

सुतळीने हातभर रुंदीचे पट्टे आखा. कॉइल जमिनीला समांतर ठेवा, झोपाळ्यासारखी टोकांना उचलू नका. चार-पाच सेंटिमीटर वर राहिली तर तेवढी खोली गेलीच. डबल डी कॉइलचा तळ खोलीत अरुंद होतो, म्हणून प्रत्येक झाडणी आधीच्या झाडणीवर निम्मी तरी चढवा. लोखंड गाळणारं डिस्क्रिमिनेशन सुरुवातीला पूर्ण बंद ठेवा. ते चढवलं की चेनची बारीक कडीही त्यात गळून जाते. आवाज आला की काटकोनात वळून पुन्हा फिरवा. दोन्ही दिशांनी येणारा आवाज खणण्याजोगा. खणताना ढेकूळ घमेल्यात घ्या आणि कॉइलवरून ओवाळा. वाजलं तर घमेल्यात, नाही तर खड्ड्यात. घमेलं अर्थातच प्लॅस्टिकचं.

७. कागद आणि कायदा

जवळ ठेवा: शेतमालकाची लेखी संमती, सातबाऱ्याची प्रत, दागिन्याची पावती किंवा तो घातलेला फोटो, पोलिसांत हरवल्याची नोंद केली असेल तर तिची प्रत, स्वतःचं आधार. वस्तू सापडली की दोन माणसांसमोर फोटो काढून मालकाच्या हातात द्या.

जुनं काही निघालं तर गोष्ट बदलते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली १० रुपयांहून जास्त किमतीची ठेव सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या नाण्या-मूर्तींना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. संरक्षित स्थळी परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. थाळनेर, लळिंग, पाटणादेवी अशा जागी यंत्र गाडीतूनही काढू नका. प्रकाशे, बहाळ इथल्या उत्खननांतून ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आली ती थर जागच्या जागी होते म्हणून. गावाबाहेरच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात कुणी एक खड्डा घेतला तर त्या जागेचा पुरावा कायमचा जातो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय. गुप्तधनासाठी बोलावणं आलं तर सरळ नाही म्हणा. त्यात पूजा-अघोरी प्रकार असतील तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो.

८. खरेदीतले सापळे

- "वीस फूट खोल सोनं दाखवतं", "दोनशे मीटरवरून दिशा दाखवतं" असं सांगणारी अँटेनावाली यंत्रं. वरचा सहाव्या घाताचा हिशेब त्यांनाही चुकत नाही. पैसे देऊ नका.
- दुसऱ्या मॉडेलची कॉइल. प्लग बसला म्हणून कॉइल जुळत नाही. ती त्या यंत्राच्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेली असते.
- "वॉटरप्रूफ". पुष्कळदा फक्त कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. केळीच्या ओल्या पाटात उतरण्याआधी विचारून घ्या.
- कॉइलचं तळकव्हर न घेणं. कपाशीची खुंटं तबकडी महिनाभरात खरवडतात. आणि कव्हर घेतलं तर दर आठवड्याला काढून पुसा, आत साचलेल्या काळ्या मातीचा थर यंत्राला सतत वाजत राहतो.
- दुकानाच्या टेबलावरची चाचणी. टेबलाच्या लोखंडी पायांमुळे काहीच समजत नाही. विक्रेता तयार असेल तर कामटी आणि पाइप घेऊन त्यालाच शेतात न्या. तयार नसेल तर निदान आठ दिवसांत परत घेण्याचं पावतीवर लिहून घ्या.